दहा वाट्यांना एक

भांडुपच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर,
एकीकडे खिळे बनतात, एकीकडे चपलांचे तळ,
मधोमध माझा चकलीचा गाळा.
ट्यूबलाइटखाली काटा, शिक्का मारलेला,
चिमूटभर हिंगाचाही जाब देणारा.

राऊळबाईंकडून मी कृती विकत घेतली
आणि कृतीसोबत वाटी.
कन्नमवारनगरात तीस दिवाळ्या त्यांनी
त्याच एका वाटीने तळून काढल्या होत्या.
वाटीला काठाशी पोचा.
"दहा वाट्या भाजणीला एक वाटी मोहन,
पाणी बसेल तेवढं," म्हणाल्या
आणि पैसे न मोजता पिशवीत टाकले.

दीडशे किलोची ऑर्डर वाटीने होत नाही.
रात्री एकटीच बसले.
रिकामी वाटी काट्यावर : बावन्न.
बटण दाबलं, शून्य.
काठोकाठ पाणी : एकशे त्रेचाळीस.
पाणी सरळमार्गी,
मिलीत जेवढं, ग्रॅममध्ये तेवढंच.
मग नादच लागला.
दूध : एकशे सत्तेचाळीस.
काकवी, डब्यातून उतरायला नाखूश : दोनशे एक.
तेल : एकशे एकतीस.
हलकं. मला काय ठाऊक नव्हतं?
आमटीवरचा तवंग जन्मभर बघतेय,
पण तो कधी आकडा होऊन समोर आला नव्हता.

वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या,
गुणाकार केले, पुतणीकडून तपासून घेतले.
सकाळी पहिला घाणा.
अनारसा हसावा तशी चकली कढईत हसली.
दुसरा घाणा, तोही हसला.
सुगंधा झाऱ्याने चुरा गोळा करत राहिली,
माझ्याकडे न बघता.
शेजारी खिळ्यांचं मशीन ठोके देतच होतं.

राऊळबाई रिक्षाने आल्या,
मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा हिरवा चष्मा लावून.
वहीकडे त्यांनी पाहिलंच नाही.
मळलेला गोळा बोटांनी दाबला, बोटं हुंगली.
"तेल कुठून मोजलंस?"
"डब्यातून."
"गार?"
मी गप्प.
"अगं, मोहन म्हणजे कडकडीत.
कढल्यातून सरळ वाटीत ओतायचं मी,
सांडशीत धरून. हा बघ."
आणि पोच्यावर अंगठा ठेवला.
तीस वर्षं सांडशीने एकाच जागी धरलेली वाटी.

तापवलं. ओतलं. काट्यावर ठेवलं.
एकशे सतरा.
तीच वाटी, तेच तेल, तोच काठ,
चौदा ग्रॅमची जागा
नुसत्या आचेने अडवलेली.
मी मात्र तिथेही तेलच भरलं होतं.

एकतीस खोडून सतरा लिहिलं.
पुढच्या घाण्याच्या चकल्या
वेढे सांभाळून वर आल्या, काटेरी, ताठ.
सुगंधाने एक मोडून पाहिली
आणि त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी बोलली :
"मीठ कमी आहे."

"पाण्याचं काय लिहू?" मी विचारलं,
"ते तर सगळ्यात सोपं."
"लिहू नकोस. गिरणीवाला बदलला की पाणी बदलतं.
त्याने जातं टाकवून घेतलं तरी बदलतं."
वहीत पाण्यापुढची जागा अजून कोरी आहे.
ऑडिटवाला आला की मी त्या पानावर
पावती ठेवते.

निघताना राऊळबाईंनी वाटी उचलली,
पदराने आतून पुसली, बाहेरून पुसली,
उजेडाकडे धरून त्या हिरव्या काचांतून पाहिली.
मी काही बोलले नाही. विकत घेतलेली वस्तू.
काट्यावर कुणीच नव्हतं,
आकडा मात्र लुकलुकत होता :
उणे बावन्न.